सोनाताईच्या उंबरठ्याची उंची

करंजाडे
२२ जून २०२५

एफ्राइम,

मे महिन्यात गावात झालेल्या त्या बैठकीनंतर तू मला व्हॉट्सॲपवर बंद करून टाकलंस, म्हणून हा ई-मेल. 'प्रिय' लिहून पाहिलं, खोडलं.

विचारायचं एवढंच आहे: खाडीच्या तळाचा खरबरीतपणा, म्हणजे तळ पाण्याला किती अडवतो तो आकडा, तू किती धरलास? कंपनीसाठी तू केलेल्या अहवालाचं बाड हातभर जाड आहे, रंगीत नकाशे आहेत, प्रत्येक पानावर कंपनीचं बोधचिन्ह आहे, आणि हा एक आकडा मात्र कुठेही नाही. तो नसेल तर तुझं गणित मी पुन्हा करून कसं बघायचं? की कुणी करून बघूच नये अशी सोय आहे?

माझा प्रोग्रॅम आज पुन्हा कोसळला. काल चालू करून ठेवला होता. सकाळी देवपूजा आटोपून पाहतो तर नकाशाच्या एका चौकोनात खाडीचं पाणी कर्नाळ्याच्या सुळक्याएवढं उंच, शेजारच्या चौकोनात तेवढंच खोल, आणि त्यापुढे आकडेच नाहीत. काळाची पावलं मोठी टाकली की असं होतं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. लहान टाकली की उत्तराला दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांत एकदा तरी वीज जातेच.

तुझ्या अहवालात ज्याला 'क्षेत्र चार' म्हटलं आहे, ते माझं गाव, धाकटी खार. तुला ते ठाऊक आहे. तू तिथे जेवला आहेस. पश्चिमेच्या मिठागरावर कंपनी भराव टाकते आहे. कळंबोलीकडून मुरमाचे डंपर दिवसभर येतात. भराव पूर्ण झाला की डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला खाडीत जायला एकच वाट उरेल: बांधातली उघाडी. ओहोटीला आतलं पाणी तिची लोखंडी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. तू म्हणतोस जुन्या उघाडीच्या जागी तीन झडपांची नवीन बांधली की पुरेल. मोठ्या पावसात, मोठ्या भरतीतही खालच्या आळीत पाणी सोनाताईच्या उंबरठ्याच्या चार बोटं खालीच राहील. माझं गणित म्हणतं, उंबरठ्यावर गुडघाभर.

तीस जुलैला सुनावणी आहे. त्या दिवशी एक आकडा मान्य होईल आणि त्याप्रमाणे काम सुरू होईल. सोनाताई माझी थोरली बहीण. तिच्या दारात पाणी शिरणार की नाही, याचं उत्तर तू आणि मी, एकाच बाकावर बसून एकाच मास्तरांकडून शिकलेल्या दोघांनी, वेगवेगळं दिलेलं आहे. मला याची लाज वाटते. तुला वाटते की नाही ते कळवू नकोस, खरबरीतपणा कळव.

आणि एक. गेल्या वर्षी गुरुपौर्णिमेला गावात पाणी भरलं, तेव्हा ताईच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीला चिखलाची रेघ उमटली. ती माझ्या प्रोग्रॅमने बरोबर दाखवली. तुझ्या अहवालात ती रेघ तपासल्याचं पान नाही. बैठकीत मी हेच सांगत होतो, तेव्हा तू सगळ्या गावासमोर म्हणालास, "हरेशच्या प्रोग्रॅमला पाऊस लागत नाही, पाणी तो स्वतःच तयार करतो." लोक हसले. माझे लोक, एफ्राइम. त्यावर मी काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच, इथे लिहीत नाही.

हरेश


३ जुलै २०२५

एफ्राइम,

उत्तर नाही. बरं.

कॉलेजात प्राचार्य म्हणाले, "हरेशराव, भौतिकशास्त्राच्या लॅपटॉपवर तुम्ही खाडी वाहवता आणि मुलांचे प्रयोग कोरडे राहतात." विनोद म्हणून म्हणाले, पण लॅपटॉप सोमवारी परत मागितला आहे. मी माझा विकत घेतला. घरात त्यावरून बोलणं झालं. असो.

अडचण नवीनच निघाली. जमिनीचे आणि खाडीचे चौकोन मी निम्मे लहान केले. तू आणि मी शिकलो होतो की चौकोन बारीक करत गेलं की उत्तर एका जागी येऊन थांबायला हवं, आणि ते थांबलं की मगच विश्वास ठेवायचा. माझं थांबत नाही. मोठ्या चौकोनांत गुडघाभर येतं, लहान केले तर मांडीभर. आणखी लहान केले तर काय येईल हे बघायची मला भीती वाटते.

रविवारी ताईकडे गेलो होतो. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"हरू, तुजा कंप्यूटर काय बोलतो?"

"ताई, अजून ठरत नाही. चौकोन मोठे धरले तर गुडघाभर, लहान धरले तर मांडीभर."

"म्हंजे आनखी लान केलंस तं मी बुडूनच मरायची?"

"तसं नाही ग."

"मंग कसं? पानी एक, घर एक, नि उत्तरं दोन. पोरांना कालिजात ह्येच शिकवतंस?" तिने सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला. "मना एवढंच सांग, तांदलाची पिपं खाली ठेवू का माल्यावर चढवू?"

पंचवीस वर्षं शिकवतो आहे. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत एकच गुरुजी होते. ते पाढा चुकला की म्हणायचे, चूक पहिल्या ओळीत असते, शेवटच्या ओळीत शोधू नका. मी पहिल्या ओळीपासून प्रोग्रॅम तीनदा वाचला. समीकरणं बरोबर आहेत. पाणी उंचावरून सखलाकडे जातं, तळ त्याला अडवतो, वस्तुमान टिकून राहतं. यात चुकण्यासारखं काय आहे?

रोज पहाटे नाम घेताना मन एका जागी राहायचं. हल्ली ओठ नाम घेतात आणि मन चौकोन मोजतं. याचाही राग मी तुझ्यावरच काढतो आहे हे मला समजतं.

हरेश


९ जुलै २०२५

एफ्राइम,

तुझं उत्तर शनिवारी रात्री उशिरा, तुझा शब्बाथ संपल्यावर आलं. एका ओळीचं: "आत आलेलं, बाहेर गेलेलं, उरलेलं. बेरीज जमते का बघ."

पहिल्या वर्षाच्या पोराला सांगतात तसं. दोन दिवस मी ते उत्तर पुसून टाकावं की तुला लांबलचक काही सुनवावं या विचारात होतो. एकादशीचा उपास होता. रिकाम्या पोटी राग जास्त चढतो, की मला चढतो कुणास ठाऊक. 

सोमवारी बेरीज केली. जमत नाही.

भरतीला खाडीतून किती पाणी आलं, पावसाचं किती पडलं, डोंगराकडून किती उतरलं, हे सगळं एका बाजूला. बाहेर गेलेलं दुसऱ्या बाजूला. जे उरायला हवं त्यापेक्षा माझ्या खाडीत कितीतरी जास्त उरतं. कुठून आलं त्याचा पत्ता नाही. ओहोटीमागून ओहोटी ते वाढतच जातं.

एक ओळ सापडली. मीच लिहिलेली. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तिथल्या चौकोनातलं पाणी संपतं. पण पाऊल जरा मोठं पडलं तर गणित संपलेल्या चौकोनातूनही थोडं काढून शेजाऱ्याला देतं, आणि मग त्या चौकोनाची खोली शून्याच्या खाली जाते. उणे पाणी म्हणजे काय? काहीच नाही. म्हणून मी लिहिलं होतं: खोली उणे आली तर शून्य धर. इतकं साधं. पण म्हणजे काय झालं बघ. रिकाम्या घागरीतून शेजारच्या घागरीत दोन पेले ओतले, आणि मग रिकामीला रिकामी म्हणून सोडून दिलं. शेजारच्या घागरीतले दोन पेले मात्र तसेच राहिले. चौकोन लहान केले की अशा घागरी वाढतात. म्हणून मांडीभर.

तर तू बरोबर होतास. मी पाणी तयार करत होतो. तुला हे मे महिन्यात दिसलं होतं, तर मला बाजूला घेऊन का नाही सांगितलंस? तुझ्या घरी, सिप्पोरामावशीच्या ओटीवर बसून आपण एकमेकांच्या वह्या तपासायचो. तुझ्या वहीत चूक निघाली तर मी ती इस्राएल आळीत ओरडून सांगत फिरलो होतो का कधी?

ओळ दुरुस्त केली. ज्याच्याकडे जेवढं आहे तेवढंच त्याने द्यायचं, असं लिहिलं. आता बेरीज जमते. चौकोन लहान केले तरी उत्तर हलत नाही. आणि उत्तर असं: भराव झाल्यावर, नव्या उघाडीसह, पाणी ताईच्या उंबरठ्याच्या सहा बोटं खाली.

तुझ्यापेक्षाही दोन बोटं खाली. मला हायसं वाटायला हवं. बहिणीचं घर वाचलं. पण वाटत नाही.

हरेश


१५ जुलै २०२५

एफ्राइम,

तुला वाटलं असेल प्रकरण मिटलं. तसं नाही.

सत्यजीतला आकडा सांगायला गेलो. सत्यजीत माझा चुलतभाऊ, गावच्या बचाव समितीचा अध्यक्ष. बैठकीत तुझ्यासाठी खुर्ची आणू नका म्हणाला होता तोच. मी म्हटलं, माझं चुकलं होतं, पाणी उंबरठ्याच्या खाली राहतं.

तो म्हणाला, "दादा, आता उशीर झाला."

"कशाला?"

त्याने बोट दाखवलं. पनवेलहून गावात शिरताना डाव्या हाताला बॅनर लागला आहे: 'प्राध्यापकांचा संगणकीय अभ्यास सांगतो, गाव गुडघाभर पाण्यात!' माझा फोटो आहे. कुठल्यातरी लग्नातला, फेट्यासह.

"पंचवीस बॅनर छापलेत. आता काय लिहू खाली? 'सहा बोटं खाली, क्षमस्व'?"

मी म्हटलं, जे खरं आहे ते सांगावं लागेल. तो म्हणाला, "खरं म्हंजे तुमच्या मित्राचं का? बैठकीत त्यानं तुमचं हसं केलं, नि आता तुमी त्याचीच री वढता."

तिथून निघालो. राग गावाचा होता, तुझा होता, त्या फेट्याचाही होता. घरी आल्यावर म्हटलं, निदान एकदा नीट ताळा करू. गेल्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेचा पाऊस, तेव्हाची भरती, जुनी उघाडी, भराव नाही. दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं घातलं आणि ताईच्या पायरीवरच्या रेघेशी ताडून पाहिलं.

जमत नाही. दुरुस्त प्रोग्रॅमप्रमाणे गेल्या वर्षी पाणी आळीच्या तोंडापर्यंतही यायला नको होतं. पण आलं. दुसऱ्या पायरीला लागलं. रेघ अजून आहे, मी नखाने खरवडून पाहिली.

म्हणजे हे असं. चुकीचा प्रोग्रॅम रेघेला जुळत होता आणि बरोबर प्रोग्रॅम जुळत नाही. माझं खोटं पाणी कुठल्यातरी खऱ्या पाण्याच्या जागी उभं होतं. ते खरं पाणी कुठून येतं ते मला ठाऊक नाही. पण ते येतं. आणि तुझ्या गणितात ते नाही, कारण तुझा आकडा माझ्या नव्या आकड्याच्या शेजारीच आहे. तू रेघ तपासली नाहीस म्हणून तुला कळलं नाही. मी तपासली आणि तिने मलाच फसवलं.

पंधरा दिवस उरले आहेत. मी खरबरीतपणा बदलून पाहिला. पाऊस सव्वापट केला. बांधाला कुठे खांड पडली होती का विचारलं, नव्हती. नाही जमत. देवासमोर बसलो की एकच मागणं येतं ओठावर, आणि मला ते मागायला नको वाटतं. गणितात साहाय्य कर असं कुणी देवाला सांगतं का? त्याने पाणी केलं, त्याला गणित लागत नाही.

तुझा अहवाल तू मागे घेणार नाहीस हे मला माहीत आहे. पण एक संध्याकाळ काढून रेघेशी ताडून बघ. विनंती समज.

हरेश


२५ जुलै २०२५

एफ्राइम,

सापडलं. आता तुला सांगायलाही मन धजत नाही.

काल दिव्यांची अवस. ताईने दिवे पुजायला बोलावलं होतं. पाटावर घरातले सगळे दिवे मांडले होते, पितळी, मातीचे, मोबाइलचा टॉर्चसुद्धा ठेवला होता कुणीतरी चेष्टेने. स्वयंपाकघरात चिंबोऱ्या रटरटत होत्या. आजपासून श्रावण लागला म्हणून काल गावात घरोघरी तोच वास. माझ्यासाठी वेगळी मटकीची उसळ. मी माळ घातलेला, हे तुला माहीत आहेच.

ताई म्हणाली, "कल्पेशला बोलाव जा. उघाडीवर हाय. दुपार झाली, जेवन निवतंय."

कल्पेश तिचा मुलगा, तिशीचा, उघाडीवर मासळी धरण्याचा गावचा यंदाचा लिलाव त्याने घेतला आहे. मी बांधावरून गेलो. अमावास्येची भरती, भर दुपारची, खाडी काठोकाठ. आणि उघाडीची झडप उघडी. चौकट आणि झडप यांच्यामध्ये सागाचा वासा आडवा ठोकलेला, आणि खाडीचं पाणी त्यातून गडगडत आत येत होतं.

कल्पेशने मला पाहिलं. "मामा, तुमी नि इथं? माळ काढलीत का काय?" सोबतचे दोघे हसले.

"ही झडप अशी का?"

"अशी म्हंजे? वासा लावलाय. आज गिऱ्हाईक रांगेत हाय, उद्यापासून कुनी इचारनार नाय."

"अरे पण भरतीचं पाणी आत येतंय."

"पानी आलं तं मासली येल ना! ती काय एस्टीनी येनारे?"

"नेहमी लावता?"

"आवसेला, पुनवेला. आज्या लावायचा, बा लावायचा. मासली आत घ्यायची, ववटी लागली का तोंडाशी जालं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "लिलाव त्याचाच हाय, मामा. देवलावर पत्रा कशानी चढला वाटतं तुमाला? भजनानी?"

मी विचारलं, गेल्या वर्षी पाणी भरलं त्या पौर्णिमेला वासा होता का. तो म्हणाला, "होता. तवा लिलाव दुसऱ्याचा व्हता. पाऊस वाढला तसे सगले काढाया धावलो, पन पान्याचा जोर एवडा, वासा अडाकला. मंग पलालो."

एफ्राइम, मी या गावात जन्मलो. लहानपणी त्याच उघाडीवरून टोपली डोक्यावर घेऊन घरी आलो आहे. पण माळ घातली तेव्हापासून मासळीच्या वेळी तिकडे फिरकलो नाही. घरात टोपली आली की मी मान वळवतो. न बघण्याची सवय इतकी मुरली की प्रोग्रॅम लिहितानाही मी तिकडे बघितलं नाही. दोन ओळी लिहिल्या: बाहेरची पातळी जास्त असेल तर झडप बंद, आतली जास्त असेल तर उघडी. तूही त्याच दोन ओळी लिहिल्या असशील. तुला कुणी दोष देणार नाही. तू नकाशा बघून लिहिलंस. मी?

घरी येऊन त्या ओळी बदलल्या. अवसेला आणि पुनवेला झडप उघडी. गेल्या वर्षीची पायरी बोटाबोटाने जुळली. कसलाही खरबरीतपणा बदलावा लागला नाही.

मग नवा भराव, नवी उघाडी, आणि तीनपैकी दोन झडपांना वासा. पाणी उंबरठ्याच्या एक वीत वर. वासा नसेल तर सहा बोटं खाली.

म्हणजे ताईच्या घरात पाणी शिरणार की नाही, हे तिच्याच मुलाच्या हातात आहे, आणि तो देवळासाठी मासळी धरतो. हे मी बुधवारी उभं राहून कसं सांगू?

हरेश


३१ जुलै २०२५

प्रिय एफ्राइम,

काल सुनावणीत तू परदेशातून पडद्यावर दिसलास. केस पांढरे झालेत, मे महिन्यात रागाच्या भरात माझं लक्षच गेलं नव्हतं. तुझ्यासाठीचा कॅमेरा सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलाकडे लावलेला होता, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल. सांगतो.

सकाळी सत्यजीतने मला देवळात गाठलं. "दादा, उघाडीचं बोलू नका. साहेब लोक तेवढंच धरतील."

"मग आकडा कुठला सांगू?"

"जुना. बॅनरवरचा."

"तो खोटा आहे."

"नि कंपनीचा खरा हाय?"

कंपनीचाही खरा नाही. देवाकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर पत्रा होता.

सुनावणीत साहेबांनी विचारलं ते तू ऐकलंस: "प्राध्यापक, थोडक्यात सांगा, पाणी येणार की नाही?" मी सांगितलं, वासा असेल तर उंबरठ्यावर एक वीत, नसेल तर नाही. त्यांना वासा समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे गावकऱ्यांनी वासा लावू नये, एवढंच ना?" कंपनीच्या बाजूने कुणीतरी हसलं. मागून आमच्या लोकांचा ओरडा सुरू झाला. एक म्हातारा म्हणाला, "सर, तुमी खुर्ची तिकडं घ्या, कंपनीकडं." मी म्हणत होतो की वासा पिढ्यान्‌पिढ्या लागतो आहे, तो गृहीत धरूनच उघाडी बांधा, मासळीला वेगळी वाट ठेवा, दार मोठं करा, बांध उंच करा, काहीही करा, पण माणसं वासा लावणार नाहीत असं धरून गणित करू नका. कुणाला ऐकू गेलं नाही.

तेव्हा तू बोललास. मराठीत बोललास. "माझ्या गणितातही झडप बंदच धरली आहे. ती उघडी धरून पुन्हा करावं लागेल." साहेब म्हणाले, आता वेळ गेली, अहवाल स्वीकृत. तू आणखी काही म्हणू लागलास तेव्हा त्यांच्या माणसाने तुझा आवाज बंद केला. पडद्यावर तुझे ओठ हलत राहिले. कितीतरी वेळ. काय म्हणत होतास?

निकाल असा लिहिला गेला: नव्या उघाडीला लोखंडी पिंजरा आणि कुलूप, वासा लावल्यास जबाबदारी ग्रामस्थांची. गाव हरलं, आणि सगळ्यांना वाटतं मी हरवलं. बॅनरवरच्या माझ्या फोटोला शेण लागलं आहे. कल्पेश समोरून आला आणि रस्ता बदलून गेला. त्याचा लिलाव बुडणार, त्याचा राग समजू शकतो. 

ताईकडे जायला पाय उचलत नव्हता. गेलो. तिने पाणी दिलं, बसायला पाट दिला.

"कुलूप लावतील?" तिने विचारलं.

"हो."

"लावू दे. पयल्या आवसेला तोडतील. माज्या पोराला मी वलखत नाय का?" मग म्हणाली, "तू वासा धरून किती बोललास?"

"एक वीत."

"कुनाची? तुजी का माजी?"

तिने माझ्या हाताला हात लावून वीत मोजली. तिचा हात लहान आहे. मिस्त्री तिने आधीच सांगून ठेवला होता. पुढचा उंबरठा आणि मागचा, दोन्ही उचलायचे, मोरीच्या भोकाला झाकण करायचं. कुलूप नको, अहवाल नको, तिला उंची हवी आहे. आळीतल्या आणखी पाच-सहा घरांनीही तिच्याकडे निरोप पाठवला आहे. माझ्याशी कुणी बोलत नाही, पण आकडा सगळ्यांना पाहिजे.

आणि इथे मी अडकलो आहे. माझ्या प्रोग्रॅमने मला एकदा फसवलं, आणि फसवत असतानाच तो रेघेला बरोबर जुळत होता. आता पुन्हा जुळतो आहे म्हणून मी त्यावर विश्वास ठेवू का? उंबरठा एकदा बांधला की बांधला. दोन बोटं कमी पडली तर पिपांत पाणी जाणार.

मे महिन्यात मी म्हणालो होतो, इथून निघून गेलेल्याने इथल्या पाण्याबद्दल बोलू नये. सगळ्यांसमोर म्हणालो होतो. ते बोलायला नको होतं. तुझे आजोबा याच गावातले नारळ आपल्या तेलाच्या घाण्याला नेत होते, हे मला माहीत असूनही म्हणालो.

सोबत माझा सगळा प्रोग्रॅम पाठवतो आहे, भरतीच्या नोंदी, पाऊस, ओट्याची आणि उंबरठ्याची पातळी. तुझा प्रोग्रॅम वेगळा आहे, तुझ्या माणसांनी वेगळ्या रीतीने लिहिला आहे. म्हणूनच मला तुझा आकडा पाहिजे. तुझ्या उघाडीला वासा लाव. दोन झडपांना, अवसेला आणि पुनवेला. कंपनीला कळवायची गरज नाही, सही नको, शिक्का नको.

शनिवारी तू यंत्राला हात लावणार नाहीस, म्हणून आजच पाठवतो आहे. शुक्रवारची दुपार आणि रविवार तुझ्या हाताशी आहे. मिस्त्री सोमवारी येतो, आणि नारळी पौर्णिमेची भरती त्याच आठवड्यात आहे.

माझा आकडा माझ्या हाताची एक वीत, आणि खबरदारी म्हणून वर चार बोटं. तुझा कळव. दोघांपैकी ज्याचा मोठा येईल, तेवढे उंबरठे उचलू.

तुझा
हरेश